पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी आणि तांबडे पेन

जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालो तेव्हा तिसरीचा वर्ग माझ्याकडे आला आणि पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर नामाची व्याख्या लिहिली. मुलांनी ती सुरात पाठ म्हणून दाखवली. पण ‘विहीर’ हे नाम आहे का, असे विचारताच सगळा वर्ग गप्प झाला. दुसरी चूक तांबड्या पेनाची. बैलपोळ्यावर आठ ओळी लिहिणाऱ्या एका मुलाच्या वहीत मी सतरा खुणा केल्या, आणि पुढच्या वेळी त्याने तीनच ओळी लिहिल्या. त्या तिन्ही निर्दोष होत्या, याचा मला तेव्हा आनंद झाला होता, हे आता आठवले की लाज वाटते.

नव्याने या कामाला लागणाऱ्यांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, ती ही की व्याकरण मुलाच्या कानात असतेच. तो डोळा, ती मान, ते नाक हे त्याला कोणी शिकवलेले नसते, आणि ‘विहीरला गेलो’ असे तो कधी म्हणत नाही. वर्गात आम्ही विहीर–विहिरीत, बहीण–बहिणीला, फूल–फुलाला, जमीन–जमिनीवर अशा जोड्या आठवडाभर फळ्याच्या कोपऱ्यात जमवल्या आणि त्यांत काय बदलते, ते मुलांनाच शोधायला लावले. “गुरुजी, पुढं काही लागलं की दुसरी वेलांटी पहिली होती,” हे एका मुलीने सांगितले, तेव्हा सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दात होणाऱ्या बदलाचा, नियम तिच्या मालकीचा झाला. दोनच दिवसांनी एकाने विज्ञानाच्या पाठातून ‘शरीर–शरीरात’ आणले. अशा वेळी गडबडून न जाता, हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असल्याने त्याची वेलांटी बदलत नाही, असे सरळ सांगावे. त्यासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे शुद्धलेखनाचे अठरा नियम शिक्षकाने स्वतः नीट वाचलेले असावेत. मुलांपुढे ते क्रमाने मांडण्याची मात्र गरज नाही.

विरामचिन्हांचे थोडे वेगळे आहे. मूल सलग ‘आणि मग, आणि मग’ करत पानभर लिहिते, म्हणून त्याला रागवण्यात अर्थ नाही. मोडीत लिहिणारे आपले पूर्वजही शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि विरामचिन्हे देत नसत. आजची चिन्हे मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या धर्तीवर, आणि त्यात कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. मी मुलाची वही घेऊन, त्याने लिहिले तसेच, एका दमात वाचून दाखवतो. मला धाप लागली की वर्ग हसतो आणि लिहिणारा आपणहून पेन्सिल उचलतो. ‘काका आले’ हे तीन शब्दांचेही नसलेले वाक्य पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह देऊन तीन मुलांकडून वाचून घेतले, तर चिन्हांच्या तक्त्यापेक्षा अधिक काम होते. श्रुतलेखन देताना मात्र “स्वल्पविराम”, “पूर्णविराम” असे मोठ्याने सांगण्याची सवय मोडावी, कारण त्यामुळे मुलाला ऐकण्याचे कारणच उरत नाही.

अवतरणचिन्हावर मी चौथीत सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि त्याचे कारण व्याकरणाच्या बाहेरचे आहे. आमच्या मुलांच्या घरी ‘पानी आन’ म्हणतात. ते चूक आहे असे सांगणे म्हणजे त्यांच्या आजीला चूक ठरवणे होय. म्हणून घरात कोण काय बोलले, ते लिहायला सांगतो: आजी म्हणाली, “आरं, पानी आन की.” मी तिला पाणी दिले. दुहेरी चिन्हांच्या आत आजीची भाषा, बाहेर पुस्तकातली. हा फरक कळलेले मूल ‘ण’ आणि ‘न’ यांच्याकडेही आपसूक लक्ष देऊ लागते.

वह्या तपासताना मी आता एका आठवड्यात एकच गोष्ट पाहतो. या आठवड्यात फक्त पूर्णविराम असेल, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसूनही सोडून देतो. पालक कधी वही घेऊन जाब विचारायला येतात, तेव्हा त्यांना जून महिन्यातले पान उघडून दाखवतो.