उतारावरची परसबाग: मृग लागण्याआधी उरकायची कामं

अंबाजोगाई, धारूर, धाराशिव, खुलताबाद, माहूर अशा डोंगराळ गावांत कित्येक घरांच्या मागे अर्ध्या-एक गुंठ्याचा उताराचा तुकडा पडून असतो. वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काही जण 'इथं काय येणार' म्हणून तो सोडून देतात. काही जण हौसेने ट्रॉलीभर काळी माती ओततात, रोपं लावतात आणि पहिल्या मोठ्या पावसात ती माती खालच्या गल्लीत गेलेली बघतात. अशा जागेत क्रम महत्त्वाचा: आधी पाणी, मग माती, शेवटी रोप. पहिली दोन कामं रोहिणीतच उरकायला हवीत.

सुरुवात छपरापासून करा, कारण उताराची सर्वात जास्त नासाडी तिथूनच होते. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर साधारण 2300 लिटर पाणी गोळा होतं. मराठवाड्यात असा पाऊस कधी कधी एका संध्याकाळीच पडून जातो. हे सगळं पाणी एका पाइपातून उताराच्या माथ्यावर सोडलं, तर दोनच पावसांत तिथं ओघळ पडतो. पाइप टाकीत किंवा ड्रममध्ये सोडा, पण दोनशे लिटरचा ड्रम बघता बघता भरतो. त्यापुढचं पाणी कुठून जाणार ते आधीच ठरवा. जागेच्या कडेने दगड मांडून चर काढा आणि जादा पाणी त्यातून थेट पायथ्याशी उतरवा. ते शेजाऱ्याच्या भिंतीवर जाणार नाही, एवढं मात्र पाहा.

आता समपातळी रेषा, म्हणजे उतारावर एकाच उंचीवरून जाणाऱ्या रेषा, आखायच्या. त्यासाठी दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये आडवी पट्टी ठोका आणि शेंड्यापासून दोरीला दगड लटकवा. चौकट जमिनीवर उभी करून दोरी पट्टीवर जिथं टेकते तिथं खूण करा. मग दोन्ही पायांची अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा उभी करा आणि दुसरी खूण करा. या दोन खुणांच्या बरोबर मधली खूण म्हणजे समपातळी. दोरी त्या खुणेवर ठेवत चौकट पुढे पुढे सरकवा आणि प्रत्येक पायापाशी खुंटी ठोका. रेष वाकडी येईल, वळणं घेईल. ती सरळ करण्याचा मोह टाळा. डोळ्याला सरळ दिसणारा बांध कुठेतरी सखल राहतो आणि तिथूनच फुटतो. गवंड्याकडची पाण्याची नळी मिळाली तर तीही चालते.

या रेषांवर दगडी ताल, म्हणजे माती अडवणारी बुटकी भिंत, घाला. पाया कठीण मुरमापर्यंत खणा. मोठे दगड खाली आणि प्रत्येक दगडाची लांब बाजू डोंगराच्या पोटात जाईल असे बसवा. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. फुटाला दोन इंच या हिशेबाने ताल वरच्या बाजूला झुकती ठेवा आणि तिच्या पाठीमागे चिपा, खडी भरा, म्हणजे पाणी झिरपून निघेल. सिमेंट शक्यतो नकोच. वापरलंच, तर पाणी निघायला जागोजागी पाइपाची भोकं ठेवा. पाणी आत अडलं की भिंत पोट काढते आणि एक दिवस ढासळते. अडीच फुटांपेक्षा उंच भिंत लागत असेल किंवा वर घराचा पाया असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. दगड उचलताना आधी सळईने हलवा. विंचू आणि फुरसं अशाच दगडांखाली असतात. हातमोजे आणि बूट घालणं आवश्यकच आहे.

दोन तालींमध्ये जो टप्पा तयार होतो, त्याचा उतार किंचित आतल्या बाजूला ठेवा आणि एका कडेला दगड लावून सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, काढा. तलावातला गाळ मिळत असेल तर आणा, पण नुसता पसरू नका. मुरूम आणि कुजलेलं शेणखत त्यात मिसळूनच भरा. निव्वळ काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि उतारावर घसरते.

रोपांना घाई नको. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस मुरल्यावरच लावा, पेरणीसाठी सांगतात तसंच. वरच्या कोरड्या टप्प्यावर सीताफळ, करवंद, कढीपत्ता लावा. सीताफळ तर आपल्याच डोंगरांचं झाड. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राचा 'धारूर-6' हा वाण मिळाला तर तो निवडा. शेवगा तालीच्या काठावर लावू नका, वाऱ्याने मोडतो. तीन फुटांचा झाला की शेंडा खुडा. मधल्या टप्प्यांवर गवार, भेंडी, चवळी उताराला आडव्या ओळीत लावा. सांडव्याच्या तोंडाशी अळू छान येतो. हळद लावायची असेल तर खालच्या टप्प्यावर, पण गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, नाहीतर गड्डे कुजतात.

तालीच्या काठाला चार-सहा इंचांवर वाळा किंवा गवती चहाचे ठोंब लावा. मला विचाराल तर या जागेत सगळ्यात आधी पैसे वाळ्यावर खर्च करावेत. त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात.

आच्छादनाचा पालापाचोळा उतारावरून वाहून जातो. त्यावर तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) आडव्या टाकून खुंट्यांनी दाबा. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, नकोत, त्यांत गुलाबी बोंडअळी दडलेली असू शकते. पावसाळ्यात तण मुळासकट उपटू नका, विळ्याने कापून तिथंच पसरा.

ऑगस्टमधल्या उघडिपीसाठी फळझाडाजवळ भाजलेलं, पण रंग न दिलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवा आणि दोन-चार दिवसांनी भरा. ठिबक करणार असाल तर नळ्या टप्प्याला समांतर टाका, वरून खाली नको. प्रत्येक टप्प्याला वेगळा कॉक बसवा, नाहीतर खालची झाडं पाण्यात आणि वरची कोरडी राहतात.

पहिला जोराचा पाऊस सुरू झाला की छत्री घेऊन बाहेर या आणि गढूळ पाणी कुठून निघतंय ते बघा, मात्र विजा कडाडत असतील तर घरातच थांबा. जिथून गढूळ पाणी जातंय, तिथं उघडीप मिळताच दगड लावा. हस्ताच्या पावसाआधी सांडवे पुन्हा साफ करा, पाइपाची भोकं सळईने मोकळी करा आणि तालीतला पुढे सरकलेला दगड काढून आत झुकता बसवा.