फास्टपिच सॉफ्टबॉल: बेसवर पळताना या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शालेय संघांत बऱ्याच मुली क्रिकेट किंवा खो-खो खेळून आलेल्या असतात. पायांत चपळाई असते, पण सवयी जुन्या खेळांच्या. मग वेग असूनही रनर (बेसवरून बेसवर, म्हणजे मैदानातल्या ठरावीक थांब्यांवर, पळणारी खेळाडू) नियमात अडकून आऊट होते.

पहिली सवय नॉन-स्ट्रायकरची. बोलर पळत आला की क्रीजबाहेर सरकायचं, ते इथे चालत नाही. चेंडू पिचरच्या, म्हणजे तो टाकणाऱ्या खेळाडूच्या, हातून सुटेपर्यंत पाय बेसला लागलेलाच हवा. आधी निघालात तर रनर आऊट, चेंडू डेड (खेळ तिथेच थांबतो) आणि ती फेक मोजलीच जात नाही. बॅटरने सणसणीत फटका मारला तरी फुकट. म्हणून नजर पिचरच्या चेहऱ्यावर नको, फिरणाऱ्या हातावर ठेवा. हात मांडीपाशी येताना अंगाचा भार पुढे न्या. पाय मात्र चेंडू सुटल्यावरच उचला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लुक-बॅक नियमात. चेंडू पिचरकडे, ती तिच्याभोवती आखलेल्या वर्तुळात आणि कुणावर प्ले (आऊट करायचा प्रयत्न) करत नाहीये; अशा वेळी बेसबाहेर रेंगाळायचं नाही. उभ्या असाल तर लगेच पुढे निघा किंवा मागे फिरा. पळत असाल तर एकदाच थांबता येतं, मग ताबडतोब एक दिशा धरायची आणि ती बदलायची नाही. बेसवर परतल्यावर पुन्हा बाहेर पडलात तरी आऊट. पिचरने फेकण्याची हूल दिली, की तो प्ले धरतात आणि बंधन सुटतं. हे वर्तुळ 8 फूट, म्हणजे 2.44 मीटर त्रिज्येचं असतं. शालेय सामने भर पावसाळ्यात होतात, तांबड्या चिखलात चुना तासाभरात पुसला जातो आणि मग वादावादी. पिचरच्या पट्टीच्या मध्यावर खुंटी ठोकून 2.44 मीटरच्या सुतळीने ते पुन्हा आखून घ्यायला अंपायरला सांगा.

खो-खोतली हुलकावणी इथे महागात पडते. चेंडू घेऊन फिल्डर टॅग करायला (चेंडू अंगाला लावून आऊट करायला) आली, की तुम्ही आणि बेस यांना जोडणाऱ्या सरळ रेषेपासून 3 फुटांहून जास्त बाजूला जाता येत नाही.

पहिला बेस जोडीचा (शेजारी-शेजारी पांढरा आणि रंगीत असे दोन भाग) असेल तर बॅटरने पळत येताना फाऊलकडच्या (फाऊल रेषेबाहेरच्या) रंगीत भागावर पाय द्यावा. पांढरा फिल्डरचा.

उंच फटक्यावर दोनपेक्षा कमी आऊट असतील तर तिसऱ्या बेसवरच्या मुलीने आधी परतून बेस धरावा. चेंडू ग्लोव्हला पहिल्यांदा लागला की निघता येतं. झेल पूर्ण व्हायची वाट बघण्यात दोन पावलं वाया जातात. आणि अंपायरने ‘इनफील्ड फ्लाय’ (बेसच्या आतल्या भागात सहज झेलता येईल असा उंच फटका) पुकारला तर बॅटर आऊटच असते, म्हणून चेंडू खाली पडला तरी रनरवर पळायची सक्ती नसते. बेस सोडू नका.