लग्नातलं रिटर्न गिफ्ट: द्यायचं का, कोणाला, काय (तयारीची यादी)

सगळ्यात आधी दोन्ही घरच्यांनी एकदा बसून ठरवा की रिटर्न गिफ्ट द्यायचंय की नाही. हॉल बुक झाला की लगेच बसा, कारण नंतर साड्या, केटरर, फोटोवाला यात हा विषय मागे पडतो आणि मग शेवटच्या आठवड्यात कोणीतरी बाजारात जाऊन दिसेल ते उचलून आणतं. नाही द्यायचं ठरलं तरी काहीही बिघडत नाही हो. पोटभर जेवण, दारात अत्तर-गुलाबपाणी, बायकांना गजरा आणि निघताना घरच्या माणसाने "जेवलात ना नीट?" असं विचारणं, एवढ्यात पाहुणचार पूर्ण होतो. जेवणातला एक पदार्थ कमी करून किंवा कर्ज वाढवून डबे वाटायचे असतील तर ते डबे नकोतच, असं माझं ठाम मत आहे. आणि पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापलंय म्हणून आपणही काही द्यायचं नाही, असं काही नसतं, ते दोन वेगळे विषय आहेत.

द्यायचं ठरलं तर वस्तू बघायच्या आधी माणसांची यादी करा. सरसकट माणशी एक द्यायची गरज नाही, घरटी एक पुरतं, आणि घरं मोजायला पत्रिका वाटायची वहीच कामाला येते, जितक्या घरी पत्रिका गेल्या तितके नग, वर दहाएक टक्के जास्तीचे. मानपान वेगळ्या कागदावर लिहा. विहीणबाई, मामा-मामी, आत्या, करवल्या, कानपिळीला उभा राहणारा नवरीचा भाऊ, यांचं साडी, शर्टपीस, टॉवेल-टोपी जे काही चालत आलंय ते ठरलेलं असतं, त्याची भेसळ रिटर्न गिफ्टच्या हिशोबात केली की दोन्हीकडे गोंधळ होतो.

तिसरी यादी बहुतेक घरात होतच नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाढपी, आचाऱ्याच्या हाताखालच्या बायका, हॉलचा वॉचमन, झाडलोट करणाऱ्या मावशी, वऱ्हाडाच्या बसचा ड्रायव्हर, फेटे बांधणारा, पार्लरवाली. यांची पाकिटं आधी मोजून एका पिशवीत बाजूला काढा आणि ती पिशवी एका जबाबदार माणसाच्या ताब्यात द्या, कारण "उरलं तर देऊ" म्हटलं की यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही.

आता ओटीचं. खण-नारळाची ओटी सवाष्णींचीच भरायची अशी रीत आहे, त्यामुळे एखादी विधवा काकू किंवा मावशी, जिने पंधरा दिवस आधीपासून येऊन सगळं घर सांभाळलेलं असतं, ती नेमकी त्या वेळी आत जाऊन बसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, एक अख्खं गाव हे करू शकतं तर आपण आपल्या घरच्या लग्नात नक्कीच करू शकतो. निदान बायकांना जी भेट द्याल ती सगळ्यांना सारखी द्या, आणि हे आधीच घरातल्या मोठ्यांशी बोलून घ्या, मांडवात वाद नको.

मग काय द्यायचं. माझं पहिलं मत कायम लाडू-चिवड्याला. खाऊन संपतं, लहान-मोठे सगळे खातात, कोणाच्या माळ्यावर पडून राहत नाही. हिशोब सोपा आहे, साधारण ५० ग्रॅमचे दोन बुंदीचे लाडू आणि १०० ग्रॅम चिवडा असं एक पाकीट धरलं तर २०० पाकिटांना २० किलो लाडू आणि २० किलो चिवडा लागतो. लाडू पूर्ण गार झाल्याशिवाय भरू देऊ नका, आणि चिवडा वेगळ्या पाकिटात, नाहीतर तो मऊ पडतो. मे महिन्यातलं लग्न असेल तर पेढे-बर्फी टाळाच, मावा उन्हात प्रवासात टिकत नाही. ऑर्डर मात्र लवकर द्या, तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि चांगले आचारी मिळत नाहीत.

वस्तूच द्यायची असेल तर रोज वापरात येईल अशी. सोलापूरचा टॉवेल, छोटा स्टीलचा डबा, खणाचा बटवा, जाड कापडाची पिशवी. कोकणातलं लग्न असेल तर काजू किंवा आगळाची बाटली, फक्त बाटलीचं झाकण नीट घट्ट आहे का बघा, पाहुण्यांच्या बॅगेत सांडलं तर कपड्यांवरचा डाग जात नाही. नवरा-नवरीचा फोटो किंवा नाव छापलेला मग नको, देवाची छोटी मूर्ती किंवा फोटोही नको, कारण ते घरात ठेवायला जागा नसते आणि टाकवतही नाही. तुळशीची रोपं द्यायची कल्पना छान आहे पण ती गावातल्या लोकांना, एसटीने नाहीतर ट्रेनने रात्रभर प्रवास करणारे ते रोप कुठे धरून बसणार.

पुण्यात असाल तर पिशव्या-डब्यांसाठी आधी बोहरी आळीत चक्कर मारा, होलसेलमध्ये बराच फरक पडतो, पण आधी एक नमुना घरी आणून वापरून बघा, मगच ऑर्डर. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा कागदी किंवा कापडीच घ्या, त्यावर लग्नाची तारीख छापायचीही गरज नाही, कोरी पिशवी लोक भाजीला वापरतात.

लग्नाच्या दिवशी वाटपाचं टेबल स्टेजजवळ नको, तिथे फोटोची रांग अडते, जेवणाच्या हॉलमधून बाहेर पडायच्या दाराशी ठेवा. तिथे दोन माणसं अशी बसवा जी दोन्हीकडच्या पाहुण्यांना ओळखतात, म्हणजे एक वराकडचा, एक वधूकडचा. जे न जेवता घाईत निघतात त्यांच्यासाठी चार-पाच पिशव्या मेन गेटवर राहू द्या. आजारी म्हणून न आलेल्या आजी-आजोबांचं पाकीट त्यांच्या घरच्यांकडे नाव लिहूनच द्या.

उरलेली पाकिटं वराच्या घरी पाठवा, दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला येणाऱ्यांना प्रसादासोबत देता येतात, आणि त्यातूनही उरली तर त्याच दिवशी शेजारी वाटून टाका, लाडू ताजे आहेत तोवरच.