काढणीत नवरात्र आलं? या चुका टाळा

लातूर-धाराशिवकडं दोन-चार एकरवाल्या घराची सगळ्यात जास्त ओढाताण लग्नसराईत होत नाही, नवरात्रात होते. सोयाबीन तडकायला आलेलं, घरात घट बसलेला, गावातली पोरं तुळजापूरहून ज्योत आणायला गेलेली, लेक माहेरी आलेली, आणि मळणी यंत्रवाला म्हणतो, "उद्या नंबर लागला तर लागला." यातलं काहीच टाळता येत नाही. कशाआधी काय करायचं, एवढंच आपल्या हातात असतं आणि तिथंच चुकतं.

"दसरा झाला की काढू"

2025 ला दसरा 2 ऑक्टोबरला होता. 2026 ला अधिक महिन्यामुळं तो 20 ऑक्टोबरला. सण अठरा दिवस सरकला म्हणून शेंग थांबत नाही. सोयाबीनच्या जेएस 335 या वाणाला 95 ते 100 दिवस लागतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलेलं सप्टेंबरअखेर येणारच. शंभरातल्या नव्वद शेंगा वाळक्या रंगाच्या झाल्या की विळा लावा, तिथी बघू नका. कडक ऊन असेल तर कापणी सकाळी लवकर करा. दव असताना शेंगा कमी फुटतात.

सगळ्या गावानं एकच वाण एकाच आठवड्यात पेरला की मजुरांची टोळी मिळत नाही, मग कापणीचा बॅगेमागचा (एक बॅग बी पेरलेल्या रानाचा) भाव चढतो आणि आपण मजुरांना नावं ठेवतो. पुढच्या जूनला निम्म्या रानात थोडा उशिरा येणारा वाण घ्या.

उक्तं देताना आणखी एक गोष्ट राहते. कापणीचा भाव ठरतो, पण पीक गोळा करून बनीम (कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग) लावायचं कुणी, हे कुणीच बोलत नाही. भांडण त्यावरच होतं. आधी बोला.

ओली बनीम

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आभाळ दिसलं की कापलेलं पीक घाईनं गोळा करायचं आणि ताडपत्री आवळून बांधायची. वरून पाणी लागत नाही, पण आतली ओल कोंडते, ढीग तापतो, बुरशी येते, दाणा काळा पडतो. कापलेलं पीक दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या, मगच रचा. भिजलंच तर झाकून ठेवू नका. उघडीप मिळताच पसरा, उलटं-पालटं करा.

बनीम रानाच्या मधोमध लावू नका. यंत्र आठवडाभर आलं नाही तर हरभऱ्याची पेरणी तिच्यापायी अडते आणि जिरायत रानातली ओल तोवर उडून जाते. बांधाला, ट्रॅक्टर येईल अशा उंचवट्यावर लावा.

बाईमाणसाचं काम न धरणं

गड्यांची मोजदाद होते. घटाआधी गोदड्यांपासून डब्यांपर्यंत दसऱ्याचं धुणं काढणारी, नऊ दिवस उपवास धरणारी, टोळीच्या पाण्याचं बघणारी आणि दुपारी स्वतः विळा घेणारी बाई मात्र हिशोबात नसते. पित्रं जेवल्याशिवाय धुणं काढायचं नाही, असं ज्या घरात आहे तिथं निदान गड्यांनी गोदड्या वाहून न्याव्यात. सासूबाईंना हे पटवायचं काम मुलाचं, सुनेचं नाही.

नवरात्रात अनवाणी राहणाऱ्यांना कापणीला लावू नका. सोयाबीनचं धसकट तळव्यात सरळ घुसतं. त्यांना खळ्यावर पोती शिवायला बसवा.

मळणीच्या रात्री

यंत्र रात्रीच येतं. उजेडाची सोय आधी करा. पदर खोचलेला, गमछा काढलेला, लहान पोरं यंत्राच्या पट्ट्यापासून लांब. यात कुणाचा मुलाहिजा नको.

घरचं बी ठेवणार असाल तर ते वेगळं मळा. ड्रमचे फेरे 400 च्या वर नकोत. यंत्रवाला कुरकुर करेल, कारण त्याला पुढचा नंबर गाठायचा असतो. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, मार बसला की उगवण जाते. बियाण्याच्या पोत्यांची थप्पी पाचाच्या वर रचू नका.

रास पडलेली असेल त्या रात्री जनावरांची दावी तपासा. सुटलेल्या म्हशीनं राशीवर ताव मारला तर पोट फुगून ती दगावू शकते.

घाईनं विकणं

दिवाळीचा बाजार, टोळीचे पैसे, लेकीची साडी... म्हणून खळ्यावरूनच माल जातो. लागेल तेवढाच विका. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता, पण खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो, आणि सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद लागते. ही नोंद फोनवरून करायची ई-पीक पाहणी पीक उभं असतानाच करावी लागते. घरातल्या फोन चालवणाऱ्या पोराला हे काम पोळ्याच्या आसपासच सांगून ठेवा.