माध्यम-अभ्यासाच्या प्रबंधासाठी कोडबुक कसं तयार करावं

पदव्युत्तर प्रबंधातलं आशय विश्लेषण, म्हणजे मजकुरात काय किती वेळा येतं याची नियमांनुसार मोजणी, फसतं ते बहुतेक वेळा कोडबुकात, म्हणजे त्या मोजणीच्या लेखी नियमांत. पण आधी प्रश्न लहान करा. ‘वृत्तपत्रं आपत्तीचं चित्रण कशी करतात?’ हे मोजता येत नाही. ‘पुराच्या बातम्यांत पूरग्रस्तांचं स्वतःचं म्हणणं किती वेळा येतं?’ हे येतं.

नमुना निवडताना पुरासारख्या घटनेसाठी त्या काळातले सगळे अंक घ्या. विषय वर्षभर चालणारा असेल तर ३६५ अंक वाचायची गरज नाही. वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठ्या टाकून दोन, मंगळवारांतून दोन, असे रविवारपर्यंत १४ अंक काढा. सलग दोन आठवडे घेतले तर एखादी मोठी घटनाच सगळी जागा खाते. बातम्या संकेतस्थळावरच्या असतील तर पानाची प्रत त्याच दिवशी, तारीख-वेळेसह जतन करा. मथळे नंतर बदलतात.

आता कोडबुक. प्रत्येक चलासाठी, म्हणजे मोजायच्या प्रत्येक गोष्टीसाठी, व्याख्या, काय धरायचं, काय धरायचं नाही आणि शंका आली तर काय करायचं, हे चारही लिहा. ‘पूरग्रस्त बोलतो’ हेच घ्या. अवतरणातलं वाक्य धरायचं. ‘घर गेल्याचं एका शेतकऱ्याने सांगितलं’ हेही धरायचं. ‘नागरिकांत संताप आहे’ हे मात्र नाही, कारण बोलणारा माणूसच नाही. सरपंचाचं स्वतःचं घर बुडालं असेल तर? तो पूरग्रस्त की पदाधिकारी? अशी उदाहरणं मुद्दाम शोधून त्यांचा निर्णय आधीच लिहून ठेवा. खरी मेहनत इथेच आहे आणि ती टाळू नये.

मग दोन कोडरांना, म्हणजे कोडबुकानुसार बातम्यांवर खुणा करणाऱ्यांना, त्याच ५० बातम्या वेगवेगळ्या बसून कोड करू द्या. एकत्र बसून मतभेद मिटवायचे आणि मग सहमती मोजायची, ही चूक सर्रास होते. त्या आकड्याला अर्थ नसतो. नुसती टक्केवारीही फसवी. ९० टक्के बातम्यांत उत्तर ‘नाही’ असेल, तर दोघांनी त्याच प्रमाणात डोळे मिटून खुणा केल्या तरी ८२ टक्के जुळतात. म्हणून क्रिपेनडॉर्फचा अल्फा काढा; हा आकडा योगायोगाने जुळण्याची शक्यता धरून सहमती मोजतो. ०.८०० किंवा जास्त असेल तर पुढे जा. ०.६६७ ते ०.८०० मध्ये निष्कर्ष तात्पुरतेच मांडा. त्याखाली आला तर कोडरांना दोष देण्याआधी व्याख्या तपासा. दुरुस्तीनंतरची चाचणी नव्या बातम्यांवर घ्या, कारण जुन्यांची उत्तरं एव्हाना पाठ झालेली असतात.

प्रबंधात अल्फा प्रत्येक चलाचा वेगळा द्या. सरासरी दिली की ‘मथळ्याची लांबी’सारखं सोपं चल अवघड चलाचा कच्चेपणा झाकून टाकतं, आणि तोंडी परीक्षेत बोट नेमकं तिथेच ठेवलं जातं.