अमेरिका भारी की चीन? आधी वहीची दोन पानं काढा

दादरच्या एका अभ्यासिकेत मी शनिवारी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो. ‘सर, अमेरिका भारी की चीन?’ हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो, आणि पोरं लगेच दहापैकी गुण द्यायला बसतात. गुण देऊ नका. एखादा तिसरा देश निवडा आणि त्याच्या अंगणात उभं राहून दोघांकडे बघा. मी श्रीलंका घेतो.

डाव्या पानावर हार्ड पॉवर, म्हणजे लष्कराचा आणि पैशाचा जोर. अमेरिकेकडे अणुशक्तीवर चालणाऱ्या 11 विमानवाहू नौका आहेत, चीनकडे एकूण विमानवाहू नौकाच 3. पण युद्धनौकांची एकूण संख्या मोजली तर चीन पुढे. म्हणून आकड्याशेजारी ‘कुठे?’ लिहा: अमेरिकेचं आरमार जगभर विखुरलेलं, चीनचं बरंचसं घराजवळ. पैशाचा दबावही याच पानावर येतो. श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर 2017 मध्ये 99 वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेलं. 2022 मध्ये तिथे चीनचं ‘युआन वांग 5’ हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं जहाज लागलं, दिल्लीची नाराजी असतानाही.

उजवं पान सॉफ्ट पॉवरचं. मुलं चुकतात ती इथेच. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी हा शब्द 1990 मध्ये रूढ केला, त्याचा गाभा एवढाच: धाक नाही, पैसा नाही, तरी समोरच्याला तुमच्यासारखं व्हावंसं वाटतं. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोचे डबे चीनमध्ये बनले. रोज त्यात लटकणाऱ्या कुणाला त्यामुळे चीनबद्दल प्रेम वाटतं का? मग ते या पानावर लिहू नका.

आणि पाठवणाऱ्याने किती खर्च केला हेही नको. घेणाऱ्याचं मन बघा. आमच्या घरी फोर्टच्या पीपल्स बुक हाऊसमधून आणलेली सोव्हिएत पुस्तकं होती. मराठीत, गुळगुळीत कागद, किंमत चार-पाच रुपये. आम्ही ती पारायणं करून फाडली. पण मॉस्कोला स्थायिक व्हायचं स्वप्न चाळीत एकानेही पाहिलं नाही. माझा मावसभाऊ मात्र पहाटे ब्रीच कँडीला अमेरिकन व्हिसाच्या रांगेत उभा राहायचा. तेव्हा ‘आवड’ आणि ‘ओढ’ असे दोन रकाने करा.

सॉफ्ट पॉवरने युद्ध टळतं, असंही समजू नका. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस, परळच्या जी. एस. मेडिकलचे विद्यार्थी, 1938 मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. चीनमध्ये त्यांचा आजही मान आहे. तरी 1962 झालंच.

उजवं पान पेन्सिलीने लिहा, वर तारीख टाका. ‘यूएसएड’, म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था, मी कैक वर्षं शाईने लिहीत आलो होतो. जुलै 2025 मध्ये ती संस्था बंद झाली आणि मला पान फाडावं लागलं.