फिरत्या आरायंत्रावर मोजपट्टी वापरून एकसारख्या जाडीच्या फळ्या कशा काढाव्यात

आडव्या पात्याच्या फिरत्या आरायंत्रावर ओंडका बेडवर, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीवर, जागच्या जागी राहतो. इंजिन आणि पाते बसवलेले हेड रुळांवरून त्याच्या अंगावरून सरकते. पाते किती वर-खाली आहे ते खांबावरच्या मोजपट्टीवर काटा दाखवतो. ही उंची बेडपासूनची असते, आणि नवशिक्याचा गोंधळ नेमका इथे होतो. त्याला हवी असते फळीची जाडी, पट्टी सांगते पात्याची उंची. या दोन आकड्यांमध्ये पात्याने खाल्लेले लाकूड असते. तेवढे हिशोबात धरले आणि मोजणी बेडकडून वर केली, तर वादळात पडलेल्या फणसाच्याही अशा फळ्या निघतात की सुतार एकही बाजूला काढणार नाही.

कापण्याआधी परवानगीचे बघून घ्या. महाराष्ट्रातल्या झाडतोडीच्या १९६४ च्या कायद्यात साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ अशा झाडांची यादी आहे, आणि ती आपल्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. आरायंत्राला वनखात्याचा परवाना लागतो. यंत्राला चाके आहेत म्हणून सूट मिळेल असे गृहीत धरू नका, आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

पहिली पायरी : काटा खरा बोलतो का ते तपासा

इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, जाड हातमोजे घाला. पात्याचे दात एकाआड एक वर-खाली वाकवलेले असतात. खाली वाकलेला एक दात शोधा. त्याच्या टोकापासून बेडच्या आडव्या पट्टीपर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. टेपच्या टोकाचा हूक थोडा हलता असतो, म्हणून इथे टेप नको. हेड साधारण २०० मिलिमीटरवर ठेवून हे मोजमाप घ्या आणि काटा तोच आकडा दाखवतो का पाहा. दाखवत नसेल तर काट्याचे स्क्रू ढिले करून त्याला खऱ्या आकड्यावर आणा.

मग हेच मोजमाप पात्याच्या दोन्ही बाजूंना, पात्याला सरळ धरणाऱ्या मार्गदर्शक रोलरांजवळ घ्या. बेडच्या पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकालाही घ्या. चारही आकडे जुळले तर पाते बेडशी समांतर आहे. यंत्र ट्रॅक्टरमागून ओढत नवीन जागी नेले की हे सगळे पुन्हा करायचे, कारण वाडीतली जमीन सपाट नसते आणि जॅक एका बाजूने खचला की लांबलचक बेडला पीळ पडतो.

दुसरी पायरी : तुमचे पाते किती लाकूड खाते ते मोजा

पात्याची पट्टी साधारण एक मिलिमीटर जाड असते, पण दात दोन्ही बाजूंना वाकवलेले असल्यामुळे कापाची रुंदी दोन मिलिमीटरच्या आसपास जाते. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. चौरस केलेल्या ओंडक्याची उंची मोजा, त्यातून एक फळी काढा, मग फळीची जाडी आणि उरलेल्या ओंडक्याची उंची मोजून दोन्हींची बेरीज करा. आधीच्या उंचीपेक्षा बेरीज जेवढी कमी, तेवढे पात्याने खाल्ले. मोजमाप व्हर्नियर कॅलिपरने दोन-तीन ठिकाणी घ्या आणि मधला आकडा धरा. पात्याला पुन्हा धार लावली किंवा दुसऱ्या प्रकारचे पाते चढवले की हा आकडा थोडा बदलतो.

तिसरी पायरी : खालून वर उंचींची शिडी तयार करा

समजा सुताराला रंधा मारून तयार झालेली २५ मिलिमीटरची, म्हणजे आपली इंचाची फळी हवी आहे. ओले लाकूड वाळताना आटते. सागवान ओले असल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आणि वलयांच्या दिशेने ५.८ टक्के आटते. घरात वापरायच्या लाकडात साधारण १२ टक्के ओलावा राहतो, म्हणून प्रत्यक्षात यातला निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा आटतो. २८ मिलिमीटरच्या फळीत तो एक मिलिमीटरच्या आत बसतो. दोन्ही अंगांनी रंधा मारायला एकेक मिलिमीटर ठेवला की हिशोब २८ वर येतो, म्हणजे नऊ सुतांना किंचित कमी. दुसऱ्या झाडाचे लाकूड असेल तर आटण्याची सूट वेगळी धरावी लागेल.

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. गिऱ्हाइकाशी बोलताना सुतात बोला, मात्र पट्टीवर मिलिमीटर वापरा असा माझा आग्रह आहे. कापाच्या रुंदीसारखे आकडे सुतात धड बसत नाहीत, आणि यंत्रापाशी उभे राहून अपूर्णांकांची बेरीज करताना माणूस हमखास चुकतो.

फळी २८, काप २, म्हणून एक पायरी ३० मिलिमीटरची. सर्वांत खालची फळी बेडवर टेकलेली असते आणि तिच्या खाली काप नसतो, म्हणून तिची उंची नुसती २८. तिथून वर चढत जा : २८, ५८, ८८, ११८, १४८, १७८, २०८, २३८. कुठल्याही जाडीसाठी पायरीला क्रमांकाने गुणा आणि त्यातून एकदा कापाची रुंदी वजा करा. आठव्या पायरीला ३० गुणिले ८ वजा २, म्हणजे २३८.

ही शिडी का हवी ते पाहा. चौरस ओंडका २५० मिलिमीटर उंच आहे आणि तुम्ही वरून तीस-तीसने उतरत गेलात, तर काप २२०, १९०, १६०, १३०, १००, ७० आणि ४० वर पडतील. खाली ४० चा तुकडा उरेल. त्यातून फळी काढायची तर पाते बेडपासून अवघ्या १० मिलिमीटरवर न्यावे लागेल, आणि तिथे ओंडका धरणारे क्लॅम्प व आधाराचे खुंट असतात. पाते लोखंडाला लागले की ते पाते गेले, आणि माणसालाही धोका. त्याऐवजी पहिलाच काप २३८ वर घ्या. नको असलेले लाकूड वरूनच पातळ खापेत निघून जाते आणि शेवटचा काप बरोबर २८ वर येतो. क्लॅम्प आणि खुंट मात्र दरवेळी पात्याच्या खाली आहेत ना, हे बघूनच हेड पुढे ढकला.

कापाची रुंदी धरायला विसरलात आणि २८-२८ ने उतरलात, तर प्रत्येक फळी २६ ची निघेल. रंध्याखाली गेल्यावर ती पाऊण इंचाच्या कामालाच उरते.

चौथी पायरी : शिडी पट्टीवर उतरवा

आकडे डोक्यात ठेवू नका. खांबावर चिकटणारी चुंबकी कोरी पट्टी घ्या, नाहीतर पत्र्याची पट्टी रंगवून घ्या, आणि त्यावर या उंचींच्या रेघा स्टीलच्या पट्टीने मोजून ओढा. २८ च्या शिडीला एक रंग, ५० च्या शिडीला दुसरा.

अमेरिकी बनावटीच्या यंत्रांबरोबर बहुतेक वेळा दोन पट्ट्या येतात. इंडियानात १९८२ मध्ये सुरू झालेल्या वुड-मायझर कंपनीच्या यंत्रांवरही तशाच असतात. एका पट्टीवर बेडपासूनचे इंच असतात. दुसरीवर चार-चतुर्थांश, पाच-चतुर्थांश, सहा आणि आठ-चतुर्थांश अशा चार जाड्यांच्या खुणा असतात. एक चतुर्थांश म्हणजे आपली दोन सूत, म्हणून चार-चतुर्थांश म्हणजे एक इंच. या खुणांमधले अंतर नावापेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेले असते, कारण त्यात कापाची रुंदी आणि आटण्याची सूट धरलेली असते. काटा हव्या त्या जाडीच्या एका खुणेवर आणायचा, काप घ्यायचा, मग त्याच रांगेतल्या पुढच्या खुणेवर उतरायचे. सोय चांगली आहे, पण ती सूट तुमच्या पात्यासाठी आणि तुमच्या लाकडासाठी काढलेली नाही. एकदा खुणांमधले अंतर मोजून घ्या, आणि तुमच्या हिशोबात बसत नसेल तर आपलीच पट्टी वापरा.

पाचवी पायरी : ओंडका चौरस करा

ओंडक्याचा घेर चार फूट असेल तर व्यास सव्वापंधरा इंचांच्या आसपास येतो, आणि त्यात बसणाऱ्या सर्वांत मोठ्या चौरसाची बाजू व्यासाच्या ०.७ पट, म्हणजे पावणेअकरा इंच. हे माप बारीक टोकाला घ्या.

ओंडका एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक असतो. दोन्ही टोकांना गाभ्याच्या मध्यापासून बेडपर्यंतचे अंतर मोजा आणि बारीक टोकाखाली पाचर देऊन ती अंतरे सारखी करा. मग फळ्यांतल्या रेषा सरळ येतात आणि वाळताना फळी कमी वाकते.

पहिला काप फळीपुरता सपाट चेहरा उघडेल एवढाच घ्या. इथे शिडीचा संबंध नाही. आता ओंडका अर्धा फिरवून तो सपाट चेहरा बेडवर घ्या. त्याआधी बेडवरचा भुसा आणि सालीचे तुकडे झाडा, कारण खाली दोन मिलिमीटरची साल राहिली तर तेवढाच फरक लाकडात उतरतो. इथून पुढे शिडी लागू होते. वर लाकूड जास्त असेल तर ती वाढवा : २९८ वर पहिला काप, मग २६८, मग २३८. पहिली खाप सालीसकट जाईल आणि कडेच्या दोन फळ्या पूर्ण २८ च्या निघतील. राहिलेल्या दोन बाजू पाव फेरा फिरवून, गुण्याने काटकोन तपासून याच पद्धतीने करा.

सहावी पायरी : दर कापाला काटा वाचताना

काटा पट्टीच्या थोडा पुढे असतो, म्हणून वरून किंवा खालून पाहिले की आकडा बदलतो. डोळा काट्याच्या समोर न्या, त्यासाठी वाकावे लागले तरी वाका. रेघेवर येताना हेड नेहमी वरून खाली आणा. हेड वर-खाली करणाऱ्या साखळीत किंवा स्क्रूमध्ये थोडी ढिलाई असते आणि ती दरवेळी एकाच बाजूला राहिली पाहिजे. रेघेच्या खाली गेलात तर वीतभर वर न्या आणि पुन्हा खाली या.

दोन-तीन फळ्यांनंतर ओंडका अर्धा फिरवला तर लाकडातला ताण दोन्ही बाजूंनी सारखा सुटतो. निलगिरीच्या लाकडात याची फार गरज पडते. उरलेली उंची शिडीतल्याच एखाद्या पायरीची असते, म्हणून फिरवल्यावरही तीच शिडी चालते.

फळ्या बघून दोष ओळखा

पहिल्या ओंडक्याच्या सगळ्या फळ्या दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजून त्यावर खडूने जाडी लिहा.

फक्त सर्वांत खालची फळी जाड किंवा पातळ आली आणि बाकीच्या बरोबर असतील, तर काटा सरकलेला आहे. काट्याची चूक सगळ्या कापांत सारखीच असते, म्हणून वरच्या फळ्यांत ती कटते आणि खालच्या एकाच फळीत उतरते. याउलट खालची बरोबर आणि वरच्या सगळ्या सारख्याच चुकीच्या असतील, तर कापाची रुंदी चुकीची धरली आहे. दुसरी पायरी पुन्हा करा.

खालची फळी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असेल, तर पाते बेडशी समांतर नाही. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल, तर बेडची पातळी बघा.

एकाच फळीत जाडी वर-खाली लाटांसारखी बदलत असेल तर मोजपट्टीला हात लावू नका. पाते बोथट झाले आहे, त्याचा ताण कमी आहे, किंवा हेड फार जोरात ढकलले जात आहे. गाठीजवळ ही लाट जास्त दिसते, तिथे वेग कमी करा. फळी मध्ये एका जाडीची आणि टोकांना दुसऱ्या जाडीची येत असेल तर चौरस ओंडक्याखाली डोकावून पाहा. ताण सुटून तो कमानीसारखा वाकला असेल तर बेड आणि लाकूड यांच्यामध्ये उजेड दिसेल. अशा वेळी ओंडका उलटा करा, वरचा वाकलेला चेहरा एका पातळ कापाने सपाट करा, शिडीतल्या खालच्या जवळच्या पायरीवर या आणि तिथून पुढे कापा.